64 जीबी घातली की कडकड थांबेल?

प्रश्न : मी कराडला घरच्या घरी अभंग रेकॉर्ड करतो. कॉम्प्युटर 4 वर्षांपूर्वी जुळवून घेतलेला, त्यात डीडीआर4 जातीच्या रॅमच्या 8 जीबीच्या 2 स्टिक, 2 स्लॉट रिकामे. गाताना हेडफोनमध्ये कडकड येते. शिवाय चालीखाली कॉम्प्युटरमधल्या व्हायोलिनचा ताफा घेतला, की प्रोजेक्ट उघडेपर्यंत चहा होतो. दुकानदार म्हणतो, डीडीआर5 ची 64 जीबी टाका, दोन्ही त्रास जातील. टाकू का?

उत्तर : नका टाकू. डीडीआर5 तुमच्या बोर्डात बसणारच नाही. तिची खाच वेगळ्या जागी असते, दामटून बसवायला गेलात तर स्लॉट जाईल. विकणाऱ्यालाच हे ठाऊक नसेल, तर त्याचा 64 चा आकडाही सोडून द्या.

दुखणी दोन आहेत आणि त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. कडकडीचं आधी. ऑडिओ इंटरफेसचा, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीचा, बफर बघा. एका वेळी आवाजाचा केवढा घास पुढे जातो, ते त्यावर ठरतं. तो 64 सॅम्पलवर असेल, तर 48 किलोहर्ट्झला प्रोसेसरला दर 1.3 मिलिसेकंदाला पुढचा घास तयार ठेवावा लागतो. एक चुकला, की कड्. बफर 256 करा, 5.3 मिलिसेकंद मिळतील. मग आपलाच आवाज कानात मागून येतोय असं वाटलं, तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग वापरा, म्हणजे आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट हेडफोनमध्ये येईल, आणि रिव्हर्ब (घुमारा) नंतर मिक्सिंगला लावा. यात रॅमसाठी एक रुपयाही जात नाही.

नुसतं रेकॉर्डिंग रॅमला जड नसतंच. 24 बिट, 48 किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण 8.6 एमबी घेतो. गळा, पखवाज, टाळ, पेटी असे 20 ट्रॅक आणि 5 मिनिटांचा अभंग धरला, तरी 1 जीबीच्या आत. तोही डिस्कवर.

रॅम खातात तुमची व्हायोलिनं. एकेक स्वर हळू, जोरात, गजाच्या वेगवेगळ्या ओढीनं वाजवून टिपलेला असतो, म्हणून त्यांच्या लायब्ररीत, म्हणजे आवाजांच्या साठ्यात, हजारो छोटे तुकडे असतात. अशा लायब्ररी वाजवणारं कोन्टॅक्टसारखं सॉफ्टवेअर प्रत्येक तुकड्याची फक्त सुरुवात रॅममध्ये धरतं, कोन्टॅक्ट एरवी 60 किलोबाइट, आणि उरलेलं वाजता वाजता डिस्कवरून ओढतं. 20 हजार तुकडे म्हणजे 1.2 जीबी. असे नऊ-दहा ताफे उघडले, की विंडोज धरून तुमचे 16 जीबी संपत आले. पण लायब्ररी एसएसडीवर असेल, तर तो 60 किलोबाइटचा आकडा 12 वर आणता येतो आणि 1.2 जीबीचे 240 एमबी होतात. लायब्ररी अजून फिरत्या हार्ड डिस्कवर असेल, तर पहिला खर्च एसएसडीचा. तुमचा चहा बहुतेक तिथेच उकळतोय.

तरी खात्री करून घ्या. सगळ्यात जड अभंग उघडा, टास्क मॅनेजरमध्ये मेमरी बघा. 10-11 जीबीवर थांबत असेल, तर रॅमचा विचार सोडा. 15 च्या वर जात असेल, तर 16 जीबीच्या 2 स्टिक घ्या, डीडीआर4, वेग 3200, एकाच पाकिटातली जोडी. अभंगांना 32 पुरे. 64 सिनेमाचं पार्श्वसंगीत करणाऱ्यांना लागते.

जुन्या 8 च्या शेजारी नव्या बसवल्या तर 48 होतात आणि बहुतेकदा चालतातही. मी मात्र जुन्या काढून ठेवीन. एकदा स्वस्तात मिळाली म्हणून मी वेगळ्या कंपनीची सुटी स्टिक जोडली होती. एका नाटकाच्या संगीताचं काम चालू असताना मशीन दिवसाला दोनदा बंद पडायचं. आठवडाभर मी प्लगिन बदलत बसलो. शेवटी रॅम तपासणारा मेमटेस्ट पेनड्राइव्हवर घालून रात्रभर लावून ठेवला, सकाळी पडदा लाल ओळींनी भरलेला. तेव्हापासून नवी रॅम आली, की पहिली रात्र मेमटेस्टची.

बसवताना प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट धरा, बहुतेक बोर्डांवर जोडी तिथेच बसते. दोन्ही टोकांना टक् ऐकू आलं पाहिजे. मग बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी चालू करा, त्यानं रॅम तिच्यावर लिहिलेल्या वेगानं चालते. नाहीतर 3200 चे पैसे देऊन स्टिक बहुतेकदा 2133 किंवा 2400 अशा कमी वेगावरच चालत राहील.

बफर 256 करूनही कडकड उरली, तर पुन्हा लिहा. इंटरफेस कोणता आणि वाय-फाय बंद केल्यावर काय फरक पडला, तेवढं पत्रात असू द्या.