लेंटचा उपवास नोकरी, संसार आणि घरातली आजारपणं सांभाळून नेमका कसा पाळावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही कॅथलिक, नवरा प्रोटेस्टंट मंडळीतला, घरात मधुमेह असलेली आई आणि शाळकरी मुलगा, ऑफिसच्या येण्याजाण्यात रोजचे तीन तास. लेंट म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ. दर वर्षी त्याच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, चॉकलेट किंवा इन्स्टाग्राम सोडता, दुसऱ्या आठवड्यात ते मोडतं आणि ईस्टरपर्यंत नुसती टोचणी उरते. चर्चचा नियम किती आणि बाकीचं कसं निभवायचं, हे तुम्हाला हवं आहे.

आधी नियम सांगते, कारण लोकांना वाटतो त्याहून तो बराच लहान आहे. लॅटिन (रोमन) विधीच्या कॅथलिकांना उपवासाचे बंधनकारक दिवस वर्षात दोनच: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. २०२७ साली ते १० फेब्रुवारी आणि २६ मार्चला येतात. वयाची १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत हे बंधन आहे. दिवसात एकदा पोटभर जेवायचं. बाकी दोन वेळा थोडं खाता येतं, पण ते दोन्ही मिळून एका जेवणाइतकं होऊ नये. म्हणजे सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, दुपारी पोटभर डाळभात-भाजी, रात्री वाटीभर पेज. पाणी आणि औषधं यांना कसलीच आडकाठी नाही.

मांस वर्ज्य करण्याचा नियम वेगळा. तो १४ वर्षं पूर्ण झाल्यापासून लागू होतो आणि त्याला वरची वयोमर्यादा नाही. राखेचा बुधवार आणि लेंटमधले सगळे शुक्रवार त्यात येतात. मासे, अंडी, दूध चालतात. शुक्रवारी मोठा सण आला तर मांसाचं बंधन त्या दिवसापुरतं उठतं. २०२७ मध्ये १९ मार्च, म्हणजे संत जोसेफचा सण, शुक्रवारीच आहे. शुक्रवारचा त्याग कोणत्या रूपात करायचा हे ठरवण्याचा अधिकार त्या त्या देशाच्या बिशप परिषदेला असतो, म्हणून लेंट लागण्याआधीच्या रविवारी चर्चच्या फलकावर लागलेलं पत्रक वाचून घ्या. कल्याण महाधर्मप्रांतातले सिरो-मलबार (केरळी परंपरेचे, वेगळ्या विधीचे कॅथलिक) शेजारी असतील तर त्यांच्याशी तुलना करू नका. त्यांचा मोठा उपवास पन्नास दिवसांचा असतो, तो राखेच्या बुधवाराआधीच्या सोमवारी सुरू होतो आणि त्यांची रीत जास्त कडक आहे.

आपल्याकडे एक घोटाळा हमखास होतो. ऑफिसात ‘माझा उपवास आहे’ म्हटलं की कुणीतरी मायेने साबुदाण्याची खिचडी पुढे करतं आणि मग दिवसभर वेफर्स, शेंगदाण्याचे लाडू, वरीचे तांदूळ सुरू होतं. आपल्या उपवासात धान्याला बंदी नाही, कमी करायचं ते खाण्याचं प्रमाण. खिचडी आवडत असेल तर तेच त्या दिवसाचं एक जेवण समजा. उलट बाजूने शुक्रवारी चिकन टाळून सुरमईचं तिखलं, तळलेली कोलंबी आणि सोलकढी असा बेत केला तर नियम शब्दशः पाळला जातो, पण उपवासाचा हेतू त्या ताटात उरत नाही. शुक्रवारी मासे खायचेच तर मूठभर सुकट किंवा बोंबलाचं कालवण, एवढ्यावर थांबावं.

आता तुमचा त्याग दुसऱ्या आठवड्यात का मोडतो ते पाहू. माझ्या मते कारण सरळ आहे. तुम्ही एक गोष्ट काढून घेता आणि रिकाम्या झालेल्या जागेत काहीच ठेवत नाही. प्रार्थना, उपवास आणि दान ही तीन कामं बायबलमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू एकापाठोपाठ एक सांगतो, आणि ती एकमेकांना धरून चालतात. जेवण कमी केल्याने वेळ आणि पैसा वाचतो. वेळ प्रार्थनेला जातो, पैसा गरजवंताला. यातलं एक काढलं की उरलेला उपवास म्हणजे निव्वळ डाएट होतो, आणि डाएट कुणाचं चाळीस दिवस टिकतं? म्हणून काय सोडायचं हे ठरवतानाच त्यातून मोकळा झालेला वेळ कुठे जाणार आणि पैसे कुणाला जाणार, हेही ठरवा.

पैशाचं आधी घ्या, कारण तेच सगळ्यात जास्त राहून जातं. शुक्रवारी बाहेरून मागवलेलं जेवण ३०० रुपयांचं धरलं तर राखेच्या बुधवारापासून गुड फ्रायडेपर्यंतच्या सात शुक्रवारांचे २१०० रुपये होतात. रोजच्या स्टेशनवरच्या वडापाव-चहाचे ४० रुपये असतील तर चाळीस दिवसांचे १६००. ही रक्कम महिनाअखेरीस हिशेब करून काढू म्हटलं की ती कधीच निघत नाही, पगारात विरघळून जाते. त्याच दिवशी, त्याच वेळी ती वेगळी काढा: डब्यात रोख टाका, किंवा बँकेच्या दुसऱ्या खात्यात लगेच वळती करा. मिझोराममधल्या ख्रिस्ती घरांत १९१० पासून स्वयंपाकाला तांदूळ काढताना त्यातला मूठभर देवाच्या कामासाठी बाजूला ठेवतात. ही रीत शंभर वर्षांहून जास्त टिकली ती याच कारणाने. तांदूळ शिजण्याआधी वेगळे होतात, उरले तर देऊ असा प्रश्नच येत नाही.

पैसे कुणाला, हे राखेच्या बुधवारीच कागदावर लिहा. ‘गरिबांना’ असं मोघम नको. इमारतीतल्या सफाई कामगाराच्या मुलीची परीक्षा फी, पॅरिशच्या (आपल्या चर्चच्या) सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटीकडचं, म्हणजे गरजूंना मदत करणाऱ्या मंडळाकडचं, एखादं कुटुंब, सरकारी रुग्णालयातल्या रुग्णाची औषधं, असं ठरलेलं असलं की तिसऱ्या आठवड्यात हात आखडत नाही. बायबलमधल्या यशयाचा ५८ वा अध्याय या काळात एकदा तरी घरात मोठ्याने वाचा. भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं, बेघराला घरात घेणं, यालाच तिथे देवाला आवडणारा उपवास म्हटलं आहे. उपवासाच्याच दिवशी कामगारांना राबवून घेणाऱ्यांना तिथे चांगलंच फटकारलंही आहे. घरी कामाला येणाऱ्या बाईंची राहिलेली पगारवाढ किंवा सुट्टी याच काळात देऊन टाकावी, असं मला मनापासून वाटतं.

प्रार्थनेसाठी ट्रेनमधली पंधरा मिनिटं पुरतात. बसायला जागा मिळो न मिळो. चाळीस दिवसांना नेमका बसणारा एक क्रम सांगते: मार्कचे १६ अध्याय आणि योहानाचे २१ मिळून ३७ होतात. सुरुवातीला योएल २, यशया ५८ आणि मत्तय ६ हे तीन घेतले की ४० पूर्ण. रोज एक अध्याय. लेंटमधले सहा रविवार या चाळिसांत धरले जात नाहीत (राखेच्या बुधवारापासून पवित्र शनिवारपर्यंत मोजले तर दिवस ४६ भरतात), तेव्हा चुकलेले अध्याय रविवारी भरून काढता येतात. आधी दोन मिनिटं डोळे मिटून शांत उभं राहा, मग अध्याय वाचा, मनाला लागलेलं एक वाक्य पुन्हा वाचा आणि शेवटी स्तोत्र ५१. फोनवर वाचत असाल तर त्याआधी एअरप्लेन मोड चालू करा, नाहीतर तिसऱ्या ओळीला ऑफिसचा ग्रुप वाजतो. संपूर्ण बायबल चाळीस दिवसांत वाचण्याचा संकल्प करू नका. तो पहिल्याच आठवड्यात लेवीयाच्या पुस्तकात अडकतो.

शुक्रवारी संध्याकाळी क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या क्रुसापर्यंतच्या वाटेवरच्या प्रसंगांची प्रार्थना, चर्चमध्ये अर्ध्या तासात होते. उशीर झाला तर ती घरी करा. चौदा स्थानं, प्रत्येकाला दोन मिनिटं, मुलाने स्थानाचं नाव वाचायचं, बाकीच्यांनी प्रार्थना म्हणायची. पापनिवेदन शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. तेव्हा रांगा लांब आणि फादर थकलेले असतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गेलात तर निवांत बोलता येतं आणि उरलेला काळ हलका जातो.

फोनचा उपवास करायचाच असेल तर तो वेळेने बांधा. ‘इन्स्टाग्राम बंद’ म्हटलं की माणूस त्याच बोटांनी यूट्यूबवर जातो. त्याऐवजी रात्री साडेआठ ते दहा सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरात एका टोपलीत ठेवा. कुणाचा महत्त्वाचा फोन यायचा असेल तर रिंग मोठी ठेवा, पण हातात फोन नको. चहा सोडणार असाल तर एकदम सोडू नका. रोज चार कप घेणाऱ्याला चोवीस तासांच्या आत डोकं धरतं, चिडचिड होते आणि ती घरच्यांवर निघते. आठवडाभर आधीपासून एकेक कप कमी करत आणा. सकाळी रिकाम्या पोटी नुसता चहा घेतला तर काहींना पित्त होतं. त्याबरोबर पोळीचा तुकडा घ्या.

आईंनी उपवास करू नये, हे स्पष्ट सांगते. आजारी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना चर्च उपवासातून मोकळं ठेवतं. अंगमेहनतीचं काम करणाऱ्यांनाही जुन्या रीतीप्रमाणे सूट मिळते. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना जेवण टाळलं तर साखर धोकादायक खाली जाते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटणं ही लक्षणं दिसली किंवा मशीनवर ७० च्या खाली आकडा आला तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. त्या शुद्धीत नसतील तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. आपण उपवास करत नाही याची खंत त्या पिढीला फार असते. त्यांच्याकडे दुसरं काही सोपवा: रोज पाच दशकांची (दहा-दहा मण्यांच्या पाच गटांची) रोजरी, किंवा बोलणं तुटलेल्या एखाद्या नातेवाइकाला फोन. हे जेवण सोडण्यापेक्षा कमी नाही. मुलगा अठराच्या आतला असेल तर त्याचंही जेवण कमी करू नका. त्याला गोडाच्या पैशाचा डबा द्या आणि ते कुणाला द्यायचे हे त्यालाच ठरवू द्या.

नवऱ्याच्या मंडळीत असा लेखी नियम नसेल. उत्तर भारत मंडळी (सीएनआय) लेंट पाळते, पण उपवास ज्याचा त्याने ठरवायचा असतो. बऱ्याच स्वतंत्र मंडळ्या लेंट पाळत नाहीत, तिथे उपवास-प्रार्थनेचा वेगळा दिवस असतो. तेव्हा ‘आमच्यात असं असतं’ हा वाद नको. शुक्रवारचं रात्रीचं जेवण दोघांचं एकच, साधं: पेज, चटणी, एक भाजी. गुड फ्रायडेला त्यांची येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांची उपासना दुपारी बारा ते तीन असेल तर तुमच्या चर्चची वेळ आधी विचारा. आपला विधी सहसा तीनच्या सुमारास किंवा त्यानंतर असतो, त्यामुळे दोन्हीकडे दोघांनी मिळून जाणं जमू शकतं. गुड फ्रायडेची सुट्टी असते. राखेच्या बुधवारी आणि पवित्र गुरुवारी (गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी) नसते, म्हणून गुरुवारी दोन तास लवकर निघण्याची परवानगी महिनाभर आधी मागून ठेवा.

सहकाऱ्याचा वाढदिवस मधल्या मंगळवारी आला आणि तुम्ही गोड सोडलेलं असेल, तर केकचा एक घास घ्या आणि त्याला मनापासून शुभेच्छा द्या. तुमचा संकल्प ऐच्छिक आहे, त्याने दुसऱ्याचा आनंद मोडू नये. उपवास करताना डोक्याला तेल लाव, तोंड धू, असं मत्तयात आहे ते यासाठीच. राखेच्या बुधवारी कपाळावरची राख पुसायची की ठेवायची, यावर नियम नाही. कुणी विचारलं तर एका वाक्यात सांगा आणि कामाला लागा.

आणि एखादा दिवस मोडलाच, तर दुसऱ्या दिवशीचा अध्याय वाचा आणि मोडलेल्या दिवसाचेही पैसे डब्यात टाका. डबा पवित्र गुरुवारी उघडा, शुक्रवारी नको. गुड फ्रायडेला चर्चमध्ये होणारी वर्गणी पवित्र भूमीसाठी जाते, त्यात हे पैसे मिसळले तर ठरवलेल्या घरी पोचणार नाहीत. गुरुवारी पैसे मोजा, पाकिटात घाला आणि मुलाला सोबत घेऊन ईस्टरआधीच ते देऊन या, म्हणजे त्या घरालाही सणाची खरेदी करता येईल.