पिशवी टेबलावर ओतायला सांग

सोलापूर

प्रिय डॉक्टर,

पूर्व भागातल्या दवाखान्यात तुझी ओपीडी आता सुरू होईल. औषधं तुला माझ्यापेक्षा ताजी येतात, त्याबद्दल मी लिहीत नाही. शुगर, बीपी, दमा घेऊन वर्षानुवर्षं येणाऱ्या माणसाशी बोलायचं कसं, एवढंच लिहितो. तापाचा पेशंट तुझं बोलणं विसरला तरी गोळीने बरा होतो. शुगरवाली बाई मात्र महिन्यातून पाच मिनिटं तुझ्यासमोर असते आणि बाकीचा महिना चुलीपाशी नाहीतर विड्यांच्या सुपापुढे. उपचार तिथे चालतो किंवा बंद पडतो. तिथली बातमी त्या पाच मिनिटांत तुझ्यापर्यंत पोचायला हवी. आपली विचारायची रीत मात्र ती पोचू नये अशीच असते.

"गोळ्या वेळेवर घेता ना?" याला सोलापुरात उत्तर एकच: "घेते की, डॉक्टर." त्या "ना"मध्ये तू उत्तर आधीच देऊन ठेवलेलं असतं, ती फक्त मान राखते. मग रीडिंग जास्त दिसतं म्हणून तू डोस वाढवतोस. म्हणजे जी गोळी पोटात गेलीच नाही तिचा डोस वाढतो. पुढे कधीतरी मुलगी माहेरपणाला येते, आईला सगळ्या गोळ्या नियमाने देते, आणि चौथ्या दिवशी म्हातारी मोरीत चक्कर येऊन पडते. खापर औषधाच्या नावावर फुटतं.

त्याऐवजी असं विचार: "बऱ्याच जणांची गोळी अधूनमधून चुकते. गेल्या सात दिवसांत तुमची किती वेळा चुकली?" आठवडा आठवतो, महिना आठवत नाही. आकडा मागितला की माणूस मनात मोजायला लागतो. आणि पहिलं वाक्य गाळू नको, खरं सांगायची मुभा त्याच वाक्यात आहे. मग पाकीट हातात घे. 30 गोळ्या दिल्या, 24 दिवस झाले, तर 6 उरायला हव्यात. 15 उरल्या असतील तर आवाज चढवू नको. चढवलास तर पुढच्या खेपेला पाकीट रिकामं येईल आणि गोळ्या कचऱ्यात गेलेल्या असतील. "कुठल्या वेळची राहते?" एवढंच विचार.

पहिल्या भेटीत आणि नंतर दर तीन महिन्यांनी घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांग आणि ती टेबलावर ओतायला लाव. मुलाच्या नावाची, मेडिकलवाल्याने दिलेली, काढ्याची बाटली, सगळं. त्या ढिगात तीन गोष्टी हमखास सापडतात. पहिली: एकच औषध दोन नावांनी. एका डॉक्टरांची ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची एकत्र गोळी आणि दुसऱ्यांची नुसती ग्लिमेपिराइड. पेशंटला वाटतं एक शुगरची, एक ताकदीची. दुसरी: गुडघ्यासाठी रोज घेतलेली डायक्लोफेनॅकसारखी गोळी. तिने बीपी चढतं, मूत्रपिंडावर ताण येतो, आणि ती "औषध" म्हणून कोणी सांगतच नाही, कारण ती चिठ्ठीवर नसते. तिसरी: जवळजवळ भरलेलं पाकीट. त्याच्यामागे कारण असतं, ते काढून घे. बीपीच्या ॲम्लोडिपिनने पाय सुजले की बाईला वाटतं किडनी गेली, आणि ती गुपचूप गोळी सोडते. एनालाप्रिल, रामिप्रिल याही बीपीच्याच, त्यांनी कोरडा खोकला लागतो. लोक खोकल्याच्या बाटल्या पितात नाहीतर गोळी बंद करतात. दोन्हींना पर्याय आहेत. पण गोळी देतानाच सांगून ठेव: "पाय सुजले किंवा खोकला लागला तर गोळी सोडू नका, मला येऊन सांगा, मी बदलून देईन."

शब्दांकडे कान दे. "चक्कर येते" हे निदानाच्या कामाचं वाक्य नाही. घर गरगर फिरतं, की उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, की घाम सुटून हातपाय थरथरतात? पहिलं बहुतेक कानाचं, दुसरं बीपीच्या गोळीचं, तिसरं शुगर उतरल्याचं, आणि तिघांनाही आपल्याकडे चक्करच म्हणतात. "दम लागतो" म्हटलं की जिना चढताना की आडवं झाल्यावर, हे विचार. शुगरवाल्यांच्या पायाच्या संवेदनेबद्दल "मुंग्या येतात का?" यापेक्षा "चालताना चप्पल निसटून गेली तरी कळत नाही, असं होतं का?" हा प्रश्न जास्त देतो. त्याचं उत्तर "हो" असेल तर तिथेच मोजे-चप्पल काढायला लाव आणि तळवे बघ. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत किंवा वारीत अनवाणी चालायचा बेत आहे का, तेही आधीच विचार.

बायकांना "तंबाखू खाता का?" विचारलंस तर "छे" म्हणतील आणि ते त्यांच्या परीने खरंच असतं. "मिश्री लावता का? दिवसातून किती वेळा?" असं विचार. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, पण ती लावणारीच्या लेखी दात घासायची वस्तू. विडी कामगार बाईला कच्च्या तंबाखूची पूड दिवसभर नाकातोंडात जाते, तेही दम्याच्या हिशेबात धर.

आता भाषा. पूर्व भागात घरात तेलुगू, अक्कलकोटकडून येणाऱ्यांच्या तोंडी कन्नड, आणि दखनी तर आहेच. तोडकंमोडकं मराठी बोलणाऱ्याला "समजलं" म्हणून मोकळं व्हायची घाई असते. नातवाला दुभाषा करू नको: आजोबांच्या लघवीचा किंवा नवराबायकोचा विषय पोराच्या तोंडून निघत नाही, पोरगं आपल्या मनाने गाळतं. दवाखान्यातली तेलुगू येणारी नर्स किंवा आशाताई बरी. बोलताना मात्र दुभाष्याकडे नाही, पेशंटकडे बघ. स्वतःही चार शब्द शीक, पण जपून. तेलुगूत "मंदु" म्हणजे औषध, आणि बोलीत दारूही. "मंदु घेता का" म्हटल्यावर एखादा हसला तर कारण हे. गोळीला "गोली" म्हण, कन्नडमध्ये "गुळिगे", म्हणजे घोटाळा नाही. आपल्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली चीनला गेले ते तिथली भाषा शिकले. तुला तर गल्ली ओलांडायची आहे.

यंत्रमागावरच्या माणसाला कमी ऐकू येतं हे गृहीतच धर. वर्षानुवर्षं खडखडाटात काढलेली असतात. समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोल. मान खाली घालून लिहिता लिहिता सांगितलेलं त्याच्यापर्यंत पोचत नाही. आणि त्याला "सकाळी एक, रात्री एक" सांगून उपयोग नाही. रातपाळी असेल तर त्याची सकाळ झोपण्याची वेळ आहे, आणि पुढच्या आठवड्यात पाळी बदलते. "उठल्यावर जेवाल तेव्हा" आणि "कामावरून आल्यावर जेवाल तेव्हा" असं सांग. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइडसारख्या शुगरच्या गोळ्या घड्याळाला नाही, जेवणाला बांधायच्या असतात.

यातून निघणारा मोठा धोका म्हणजे शुगर उतरणं. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येकाला आणि त्याच्या घरच्या एकाला हे तोंडपाठ हवं: घाम, थरथर, धडधड, चिडचिड किंवा बरळणं, मशीनवर 70च्या खाली. लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढीच, आणि मग भाकरी-भात काहीतरी पोटात. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, दवाखाना गाठायचा. "तुम्ही उपास करता का?" यावर थांबू नको, एकादशी, चतुर्थी, नवरात्र, रोजे, नाव घेऊन विचार. उपास मोडायला लावण्याच्या भानगडीत पडलास तर तो तुला सांगायचं सोडेल, उपास सोडणार नाही. धोका जास्त असेल तर स्पष्ट सांग, तरीही करणार असेल तर त्या दिवसांचा डोस वेगळा लिहून दे. रमजानसाठी हे बोलणं महिनाभर आधी व्हायला हवं.

इन्सुलिनच्या चुका बोलण्यातून सापडत नाहीत, करून दाखवायला लावलं की सापडतात. बाटली आणि सिरिंज घेऊन ये म्हण आणि तुझ्यासमोर भरायला सांग. आपल्याकडच्या बाटल्या बहुतेक 40 युनिटच्या, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट, असतात, त्यांची सिरिंज लाल टोपणाची. 100 युनिटच्या इन्सुलिनला नारिंगी टोपणाची. 100चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये 20च्या रेघेपर्यंत भरलं तर अंगात 50 युनिट जातात. उलट झालं तर 20ऐवजी 8. असा पेशंट "कधी खूप उतरते, कधी उतरतच नाही" म्हणून सांगतो आणि आपण जेवणाला दोष देत बसतो. ठेवतो कुठे, तेही विचार. सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत इन्सुलिन टिकत नाही. न उघडलेलं 2 ते 8 अंशांत, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्यात गोठलं की ते फेकायचं. फ्रीज नसेल तर एका मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात छोटं मडकं, आणि त्यात कोरड्या पिशवीत बाटली. वाळू रोज भिजवायची, मडकं सावलीत. चालू बाटलीवर उघडल्याची तारीख लिहायला लाव, साधारण चार आठवडे चालते.

बीपीबद्दल दोन समज उखडायला वेळ लागतो. एक, "वाढलं की मला कळतं." बहुतेकांना कळत नाही, पण डोकं दुखलं की गोळी आणि नाहीतर नाही, असं चालू राहतं. दुसरा, "नॉर्मल आलं, आता बंद करू." "गोळीने धरून ठेवलंय म्हणून नॉर्मल आहे," हे दर खेपेला सांगावं लागतं. तूही रीडिंग नीट घे: पाच मिनिटं बसलेलं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीवर आणि उघडा, अर्ध्या तासात चहा-तंबाखू नाही, लघवी करून आलेलं. मोजताना गप्पा नकोत. एक मिनिटाने दुसऱ्यांदा घे. आकडा त्याच्या कागदावर लिहून त्याला दाखव, म्हणजे तो आकडा त्याचाही होतो.

उपाशीपोटी शुगर चांगली यावी म्हणून लोक आदले दोन दिवस भात सोडतात. म्हणून तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीए1सी, का बघतो ते सांग. रक्त फार कमी असेल तर तोही आकडा फसवतो, हे आपल्या विडी कामगार बायकांच्या बाबतीत विसरू नको. तपासणीच्या सकाळी शुगरची गोळी रक्त देऊन जेवताना, बीपीची नेहमीसारखी पाण्याबरोबर, आणि डबा सोबत. हे न सांगितल्याने रांगेत घाम फुटून बसणारे दिसतील.

जेवणावर व्याख्यान नको. "चहा किती आणि साखर किती चमचे?" पाच चहा, दोन-दोन चमचे, म्हणजे दहा चमचे, चाळीस-पन्नास ग्रॅम. तिथूनच सुरू कर, भाकरीचं नंतर. ज्वारीची भाकरी चांगली, पण ती मोजूनच, हे एकदा सांग. शेंगाचटणी सोडा म्हणू नको, ऐकणार कोण? मिठाचा हात आखडायला सांग.

शेवटच्या मिनिटात "समजलं का?" विचारू नको. "मी नीट सांगितलं की नाही ते बघायचंय. घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल, ते मला सांगा." परीक्षा तुझी आहे, असा सूर ठेव. एका खेपेला एकच बदल सांग, फार तर दोन. चिठ्ठीवर 1-0-1 (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) लिहिण्याबरोबर सूर्य आणि चंद्र काढ, पाकिटावरही काढ, आणि प्रत्येक गोळीपुढे ती कशासाठी ते त्याच्या भाषेत: शुगर, बीपी, रक्त पातळ.

पुढची तारीख देताना तो दिवस त्याच्या रोजंदारीत बसतो का ते विचार. कुंभारीच्या गोदूताई वसाहतीतून, म्हणजे विडी कामगारांच्या वस्तीतून येणाऱ्या बाईचा ओपीडीच्या रांगेत गेलेला दिवस म्हणजे न वळलेल्या विड्या. तारखेला कोणी आलं नाही तर तीन दिवसांनी आशाताईंकडून फोन कर, आणि पहिलं वाक्य "का आला नाहीत?" नको, "गोळ्या किती उरल्यात?" हे विचारायला सांग.

पहिल्या आठवड्यात हे सगळं एकदम जमवायला जाऊ नको. पिशवी, सात दिवसांचा प्रश्न आणि सुनेला काय सांगाल, इतकं धर. मडकं-वाळूचं मेच्या आत सांगून ठेव.

तुझा,
एक जुना सहकारी