पितळी सेक्स्टंटवरची पाटी, त्याची मापपट्टी आणि आपल्या भागातले तराजू

नेरुळहून आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. चोरबाजारातल्या एका दुकानात लाकडी पेटीतला पितळी सेक्स्टंट (समुद्रावर सूर्य-ताऱ्यांची उंची कोनात मोजण्याचे उपकरण) अठरा हजार रुपयांना मिळतो आहे, त्यावर ‘केल्विन अँड ह्यूज, लंडन, १९१७’ असे कोरलेले आहे, तर जुन्या शास्त्रीय उपकरणांच्या संग्रहाची सुरुवात त्याने करावी का, हा पहिला प्रश्न. आणि संग्रह ठेवण्यासाठी शिसवी कपाट घ्यावे का, हा दुसरा. छायाचित्रे नीट पाहिली. सेक्स्टंट जुना म्हणून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शोभेची वस्तू म्हणून हजार-दीड हजारात मिळाला, तर गोष्ट वेगळी.

पहिले कारण त्या पाटीवरच आहे. लॉर्ड केल्विन यांच्या नावाची ग्लासगोची कंपनी आणि लंडनची हेन्री ह्यूज अँड सन या १९१७ साली दोन स्वतंत्र कंपन्या होत्या. ही दोन नावे एकत्र आली ती १९४० च्या दशकात. त्यामुळे ‘केल्विन अँड ह्यूज, १९१७’ ही पाटी खरी असूच शकत नाही. असे पितळी नमुने रुरकी आणि मुरादाबाद येथे मोठ्या प्रमाणावर बनतात. त्यात कारागिरांना दोष देण्यासारखे काही नाही, रुरकीत तर सर्वेक्षणाची कामाची उपकरणेही बनत आली आहेत; लबाडी सुरू होते ती त्यावर साल कोरून ते जुने म्हणून विकले जाते तेव्हा.

तथापि केवळ पाटीवर विसंबणे धोक्याचे आहे, कारण उद्या कोणी बिनचूक नाव आणि बिनचूक साल कोरील. मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात उपकरणांच्या कॅलिब्रेशनचे, म्हणजे त्यांची मापे तपासून जुळवण्याचे, काम तीस वर्षे केले, आणि तिथली सवय अशी की उपकरणाला त्याचे काम करायला लावायचे. सेक्स्टंटचा कंस वर्तुळाचा साधारण सहावा भाग, म्हणजे सुमारे ६० अंशांचा असतो, पण त्यावर आकडे १२० पर्यंत असतात, कारण आरसा जितका फिरतो त्याच्या दुप्पट कोनात परावर्तित किरण वळतो. जुन्या चांगल्या सेक्स्टंटवर कंसाचे भाग दहा-दहा मिनिटांचे (मिनिट म्हणजे इथे अंशाचा साठावा भाग, आणि सेकंद म्हणजे मिनिटाचा) आणि व्हर्नियरचे, म्हणजे कंसालगत सरकणाऱ्या छोट्या मापपट्टीचे, भाग साठ असतात, त्यामुळे दहा सेकंदांपर्यंत वाचन करता येते. आता दहापट भिंग घेऊन व्हर्नियरची शून्याची रेघ कंसाच्या एखाद्या रेघेवर अचूक आणावी. त्याच वेळी व्हर्नियरची साठावी रेघही कंसाच्या कोणत्या तरी रेघेशी तंतोतंत जुळली पाहिजे, आणि मधली एकही जुळता कामा नये. आपल्या तिसऱ्या छायाचित्रात मधल्या चार रेघा जुळलेल्या दिसतात आणि शेवटची जुळत नाही. शिवाय आरशांना जुळवणीचे स्क्रूच नाहीत. अशा सेक्स्टंटने कोणत्याही खलाशाला कधी किनारा सापडला नसता.

मग सुरुवात कशाने करावी? माझा सल्ला थोडा वेगळा आहे. आपल्या भागात जहाजी उपकरणांच्या मागे लागण्यापेक्षा, इथे जी उपकरणे खरोखर वापरात होती ती शोधावीत. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या रासायनिक कारखान्यांच्या प्रयोगशाळांतून काचेच्या पेटीतले दोन पारड्यांचे रासायनिक तराजू सर्रास असत. १९४६ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या मेटलर कंपनीने एकाच पारड्याचा तराजू आणला, पुढे इलेक्ट्रॉनिक तराजू आले, आणि दोन पारड्यांचे तराजू आधी माळ्यावर व नंतर भंगारात गेले. लंडनचे अर्टलिंग, जर्मनीतल्या ग्योटिंगेनचे सार्टोरियस ही नावे दिसली तर थांबून पाहावे. पण नाव नसलेला देशी तराजूही संग्रहात ठेवण्याच्या योग्यतेचा असतो.

अशा तराजूचा प्राण म्हणजे अकीकाच्या, म्हणजे अगेट या कठीण दगडाच्या, तीन धारा. दांडीच्या मध्यावरची धार खाली तोंड करून अकीकाच्याच सपाट तुकड्यावर टेकते, आणि दोन टोकांच्या धारांवर पारडी लटकतात. या धारांना टवका गेलेला नसेल, तर चांगला तराजू ग्रॅमच्या दहा हजाराव्या भागाचा फरकही दाखवतो. पाहताना पुढची चकती फिरवून दांडी हळूच मोकळी करावी आणि काट्याचे डावे-उजवे झोके मोजावेत. ते सावकाश, हळूहळू कमी होत गेले तर धारा शाबूत आहेत, आणि दोन-तीन झोक्यांत काटा अडकला तर घासाघीस करण्यातही अर्थ नाही. मी पहिला तराजू रबाळ्याच्या एका भंगारवाल्याकडून घेतला आणि दांडी न काढता रिक्षातून नौपाड्याला आणला. खड्ड्यांनी मधल्या धारेचा टवका उडवला. तो तराजू आजही माझ्याकडे आहे, पण आता केवळ दिसण्यापुरता. दांडी आणि पारडी काढून, वेगवेगळी कापडात गुंडाळून मगच तराजू हलवावा.

दुसरी चूक त्याहून लाजिरवाणी आहे. त्याच तराजूचा पितळी खांब मी दिवाळीच्या भांड्यांसारखा चिंचेने लख्ख घासला. जुन्या उपकरणांच्या पितळेवर लाखेचा पातळ सोनेरी थर असे, तो त्या काळच्या कामाचाच भाग असतो, आणि एकदा गेला की मूळचा म्हणून परत येत नाही. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसावी, बाकी डाग राहू द्यावेत.

पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते, म्हणून सूक्ष्मदर्शक किंवा दुर्बीण चामड्याच्या पेटीत कोंडून ठेवू नये. चामडे ओल धरून ठेवते. उघड्या मांडणीत, जवळ सिलिका जेल ठेवून ती बरी राहतात. दुसऱ्या महायुद्धातले लष्करी होकायंत्र मिळाले आणि त्याची तबकडी अंधारात चमकत नसली, तरी ते उघडू नये. चमकणारे द्रव्य निकामी झालेले असते, रेडियम मात्र तिथेच असते, आणि त्याचे अर्धायुष्य १६०० वर्षांचे आहे. हस्तिदंती मोजपट्ट्यांच्या वाटेला जाऊच नये. हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे बेकायदा आहे, विक्रेता कितीही जुना म्हणून सांगो. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात. सक्तीची नोंदणी मुख्यतः मूर्ती, चित्रे, सचित्र हस्तलिखिते अशा प्रकारांना आहे, पण अशी कोणतीही वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या मुलाला भेट पाठवण्याचा विचार असेल तर हे आधीच ध्यानात घ्यावे.

आता कपाटाविषयी. शिसवी कपाट जरूर घ्यावे, पण पुढचे नक्षीकाम पाहण्याआधी ते भिंतीपासून ओढून मागची बाजू पाहावी आणि खण बाहेर काढून उलटे करावेत. हाताने कापलेल्या फळीवर करवतीच्या खुणा सरळ पण कमीजास्त अंतराच्या असतात. गोल चक्रीच्या करवतीच्या खुणा कमानीसारख्या वळतात, आणि सगळ्याच फळ्यांवर त्या दिसल्या तर दीडशे वर्षांची कथा ऐकत बसू नये. खणाच्या तळाला प्लायवूड ठोकलेले असेल तर तेवढे बदलून साध्या सागाच्या फळ्या बसवाव्यात, कारण नव्या प्लायवूडमधून निघणाऱ्या वाफांनी धातू, विशेषतः शिसे, बंद खणात पांढरे पडते. तराजूची वजने मात्र त्यांच्या मूळ मखमली पेटीतच ठेवावीत आणि चिमट्यानेच उचलावीत.