'स्ट्रीटकार नेम्ड डिझायर'मध्ये भ्रमात नेमकं कोण जगतं?

'ब्लान्श भ्रमात जगते, स्टॅनली वास्तवात. म्हणजे नाटक वास्तवाच्या बाजूचं, असं समजायचं का?' हा तुमचा प्रश्न. माझं उत्तर आहे, नाही. टेनेसी विल्यम्सच्या या नाटकात ब्लान्श न्यू ऑर्लिन्सला बहीण स्टेला आणि तिचा नवरा स्टॅनली यांच्या घरी राहायला येते. भ्रम त्या घरातल्या सगळ्यांनाच आहे. ब्लान्शला निदान स्वतःचा ठाऊक असतो.

असा समज का होतो, हे मात्र कळतं. ३ डिसेंबर १९४७ ला न्यूयॉर्कमध्ये पहिला प्रयोग झाला, दिग्दर्शक इलिया कझान, स्टॅनलीच्या भूमिकेत मार्लन ब्रँडो. नंतर चित्रपटातही तोच. त्याचा जोर इतका जबरदस्त की तो बोलेल ते खरंच वाटतं. पण दुसरा प्रवेश नीट वाचा. स्टॅनली मेहुणीची ट्रंक उपसतो, खोट्या खड्यांचा मुकुट त्याला हिऱ्यांचा वाटतो, साध्या फरच्या कपड्यांत त्याला गडप केलेली इस्टेट दिसते. 'अरे, पण ते काचेच्याच जातीचं आहे', हे स्टेलाला त्याला समजवावं लागतं. बायकोच्या मालमत्तेवर नवऱ्याचा हक्क, असा 'नेपोलियनचा कायदा' तो वर ऐकवतो. हा कसला वास्तववादी? त्याला सत्य हवं असतं ते ब्लान्शला घराबाहेर काढण्यापुरतं.

आता वासनेबद्दल. न्यू ऑर्लिन्समध्ये डिझायर (म्हणजे वासना, इच्छा) नावाची ट्राम खरोखर धावत असे. ब्लान्श येते तीच मुळी ती ट्राम धरून, मग 'सेमेटरीज'ची म्हणजे स्मशानांची ट्राम बदलून, एलिझियन फील्ड्स नावाच्या रस्त्यावर. आधी वासना, मग मरण, असा क्रम आपण लावतो आणि तिच्या वागण्याची शिक्षा तिला मिळाली असं म्हणून मोकळे होतो. तिच्या आयुष्यातला क्रम उलटा आहे. आधी मरणं आली. तरुण नवरा अ‍ॅलन एका वयस्क पुरुषाबरोबर तिला दिसला, नाचता नाचता 'तुझी किळस येते' असं ती बोलून गेली आणि त्याने बाहेर जाऊन स्वतःवर गोळी झाडली. मग 'बेल रीव्ह' या तिच्या घराण्याच्या वाड्यात एकामागून एक आजारपणं आणि अंत्ययात्रा. अनोळखी पुरुषांच्या खोल्या त्यानंतरच्या. नवव्या प्रवेशात मिचला, म्हणजे तिच्याशी लग्न करू पाहणाऱ्या स्टॅनलीच्या मित्राला, ती सांगते की मरणाच्या विरुद्ध टोकाला असते ती इच्छा. हे वाक्य मला सगळ्या नाटकाचा कणा वाटतं. देहाचं सुख तिला हवं होतं ते जिवंत असल्याची खात्री पटावी म्हणून.

याच वाड्याची जमीन आजोबा, वडील, काका, भाऊ अशा पुरुषांनी आपल्या रंगेलपणापायी घालवली, हेही ती दुसऱ्या प्रवेशात सांगते. शेवटी ब्लान्शला धाडतात तसं त्यांना कुणी वेड्यांच्या इस्पितळात धाडलं नाही. मला याचा आजही संताप येतो.

दिव्यावर ती मिचकडून कागदी कंदील चढवून घेते तो वय लपवायला, हे खरं. पण अ‍ॅलन गेल्यापासून आपल्या जगातला झगझगीत उजेडच विझला, असं ती पुढे मिचला सांगते. आपण जे असायला हवं ते सांगते, हेही ती कबूल करते; मनातून कधी खोटं बोलले नाही, असं म्हणते. तिचं मन खऱ्या अर्थाने ढासळतं ते स्टॅनलीच्या बलात्कारानंतर. त्या आधी आणि त्या नंतर, असे तिच्या भ्रमाचे दोन वेगळे प्रकार करूनच नाटक वाचायला हवं.

सगळ्यात मोठा भ्रम स्टेलाचा. बलात्काराबद्दल बहिणीचं खरं मानलं तर स्टॅनलीबरोबर नांदता येणार नाही, असं ती शेजारणीला उघड सांगते. मग ती ते खरं मानत नाही. शेजारीण युनिसही तेच बजावते: कधी विश्वास ठेवू नकोस, आयुष्य पुढे ढकलायलाच हवं. स्टेलाला नवऱ्याची ओढ आहे, पदरात तान्हं मूल आहे, दुसरा आसरा नाही. मी तिला दोष देऊ शकत नाही. पण तिच्या भ्रमामुळे संसार टिकतो म्हणून त्याला शहाणपण म्हणायचं, आणि ब्लान्शच्या भ्रमाला जागा नाही म्हणून वेड, हा निवाडा त्या घराचा आहे. नाटककाराचा नाही. विल्यम्सची स्वतःची बहीण रोझ हिच्यावर १९४३ मध्ये मेंदूची शस्त्रक्रिया झाली होती, ती कायमची परावलंबी झाली. ब्लान्शला नेतात तो प्रवेश अशा माणसाने लिहिलेला आहे.

तुम्ही फक्त १९५१ चा चित्रपट पाहिला असेल तर मूळ संहिता जरूर वाचा. सेन्सॉरच्या दडपणामुळे चित्रपटात अ‍ॅलनची गोष्ट धूसर केली आणि शेवटी स्टेला बाळाला घेऊन 'परत जाणार नाही' म्हणत निघते. नाटकात ती स्टॅनलीच्या मिठीत रडत राहते आणि बाजूला पत्त्यांचा पुढचा डाव सुरू होतो. विजय तेंडुलकरांनी हे नाटक 'वासनाचक्र' नावाने मराठीत आणलं आहे. मिळालं तर तेही पाहा.