‘खराब झालीस’ म्हणणाऱ्यांना काय सांगायचं

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. चौदा महिन्यांत ७८ किलोवरून ५९ वर आलीस आणि आता महालक्ष्म्यांना गावी जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, असं लिहिलंयस. वजन होतं तेव्हा लोकांनी बोलून घेतलं. आता ‘किती खराब झालीस गं’, ‘गालफडं बसली की’, ‘शुगर निघाली का?’ हे ऐकायचं आणि रात्री आरशासमोर उभं राहून आपलंच मनगट चाचपायचं. कुणाला काय उत्तर द्यायचं ते सांगतेच, पण आधी एक काम करून घे. तुझी तुलाच खात्री नसेल तर पाठ केलेलं वाक्यही बोलताना डगमगतं. म्हणून आधी टेप आणि रक्ताचा रिपोर्ट, मग बोलणं.

तुझी उंची १६२ सेंटिमीटर. १.६२ गुणिले १.६२ म्हणजे २.६२, आणि ५९ भागिले २.६२ म्हणजे साडेबावीस. हा तुझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप. १८.५ च्या खाली गेला तर वजन कमी धरतात आणि आपल्या भारतीय बांध्यासाठी २३ पासून जास्त धरतात. म्हणजे तुझ्या उंचीला साधारण ४८.५ ते ६० किलो चालतं, आणि तू त्यातही वरच्या टोकाला आहेस. चौदा महिन्यांत १९ किलो म्हणजे आठवड्याला सरासरी ३०० ग्रॅमच्या आसपास. हा वेगही शांत आहे. आठवड्याला दीड किलोच्या वर उतरणाऱ्यांना पित्ताशयात खडे होण्याचा धोका असतो, तसं तुझं नाही.

नुसत्या बीएमआयवर मात्र विसंबू नकोस. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी सारखा होता, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. त्या दोघांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. आपल्याकडे हातपाय काडीसारखे आणि चरबी पोटात, असं फार आढळतं. त्यामुळे कंबर मोजायचीच. सकाळी उपाशीपोटी, कपडा बाजूला करून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धर. श्वास सहज सोड आणि मग आकडा वाच. सलवारीची नाडी बांधतो तिथे मोजलंस तर आकडा चुकतो. बायकांना ८० सेंटिमीटरच्या आत हवी, पुरुषांना ९० च्या.

रक्त एकदाच तपासून घे: हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉईडसाठी), एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), बी-१२ जीवनसत्त्व. हिमोग्लोबिन १२ च्या वर आणि एचबीए१सी ५.७ च्या खाली असलं की ‘शुगर निघाली का?’ या प्रश्नाचं उत्तर तुझ्या हातात लेखी असेल. ही तपासणी झाली की ते पान मिटायचं. दर टोमण्यानंतर वजनकाट्यावर चढायचं नाही. आठवड्यातून एकदा, सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर, एवढं पुरे. पाळीच्या आधी एक-दोन किलो पाणी साठतं. ते खरं वजन नव्हे.

आता याची दुसरी बाजू. कधी कधी बोलणारा बरोबर असतो. तू थांबायचं ठरवलंस, जेवण वाढवलंस, तरी वजन उतरतंच आहे आणि सहा महिन्यांत आणखी तीन किलो गेलं, तर डॉक्टरांकडे जायचं. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम असं असेल तर क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी. ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. तीन महिने पाळी आली नाही, उठल्यावर चक्कर येते, सगळ्यांना उकडत असताना तुला थंडी वाजते, ही लक्षणं उपाशी शरीराची. आणि पुरणपोळीचा घास घेताना भीती वाटत असेल, खाल्ल्यावर ओकून टाकावंसं वाटत असेल, ५९ झालं तरी ५५ आणि ५५ झालं की ५२ असं मन पुढेच सरकत असेल, तर ते अजिबात लपवू नकोस. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. यातलं काही असलं तर पुढची उत्तरं वापरायची नाहीत. ती लोकांना गप्प करायला उपयोगी आहेत, आजार झाकायला नाहीत.

हे सगळं ठीक असूनही लोकांना तू आजारी का दिसतेस? चेहऱ्यावरची चरबी उतरलेली ताबडतोब दिसते आणि त्वचा मागाहून आवळते, तिला बरेच महिने लागतात. केसही बरंच वजन उतरल्यावर दोन-तीन महिन्यांनी गळतात आणि पुढे आपोआप थांबतात. पण सगळ्यात मोठं कारण कपडे. जुना कुर्ता अंगावर लोंबतो. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बसायला हवी. ती दंडावर उतरली की माणूस तापातून उठल्यासारखं दिसतं. बाजूने टिपा मारून कुर्ता दीड-दोन इंच आत घेता येतो. त्याहून जास्त घेतला की मुंढ्यापाशी चुण्या पडतात. खांदाच उतरला असेल तर तो कुर्ता दुरुस्तीला न देता कुणाला तरी देऊन टाक. महालक्ष्म्यांसाठी ब्लाऊजला टिपा मारून घे, पण आतली माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, कापू देऊ नकोस. चष्मा नाकावरून घसरत असेल तर दुकानात नेऊन काड्या आवळून घे. बांगड्या कोपरापर्यंत वर चढत असतील तर एक माप लहान भरून घे. आजीची नजर आधी हातावर जाते. सैल बांगडी दिसली की तिचा जीव खाली-वर होतो.

आजीचं वेगळं आहे, ते नीट समजून घे. आपल्या भाषेतच बारीक होण्याला ‘खराब होणं’ म्हणतात आणि जाड होण्याला ‘तब्येत सुधारणं’. क्षय या शब्दाचा अर्थच झिजणं. तिने १९७२चा दुष्काळ पाहिलाय, खडी फोडायच्या कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनची लाल मिलो ज्वारी खाल्लीय. तिच्या डोळ्यांना बारीक माणूस म्हणजे एक तर उपाशी, नाही तर दुखणाईत. तिला बीएमआय समजावू नकोस. तिच्या शेजारी बस, तिच्या हातचं काहीतरी तिच्या देखत चवीने खा. मागून घेतलेल्या एका भाकरीने तिची जेवढी समजूत पटेल तेवढी तासभर बोलून पटणार नाही.

बाकीच्यांना एक वाक्य पुरतं. शेजारच्या काकूंना: “नाही हो, सगळं तपासलंय, छान आहे. तुमचा गुडघा कसा आहे आता?” त्या गुडघ्यावर बोलायला लागतात. मैत्रीण म्हणाली, “बास आता, आणखी कमी करू नकोस,” तर “हो, थांबलेच आहे,” म्हण. खरंच आहे ते. आत्या लग्नाचा विषय काढून ‘फोटोत चेहरा भरलेला दिसायला हवा’ म्हणाल्या तर: “आत्या, तब्येतीचं मी डॉक्टरांशी बोलते, तुम्ही दुसरं काहीही विचारा.” आवाज साधा, चेहरा मोकळा. पुन्हा बोलल्या तर तेच वाक्य, त्याच सुरात. नवीन शब्द घातलास की नवीन फाटा फुटतो.

वजनाचा आकडा कुणालाही सांगायचा नाही. ‘एकोणसाठ’ म्हटलंस की ‘अगं, पासष्ट तरी हवं’ अशी घासाघीस सुरू होते. काय खाल्लं, काय सोडलं हेही सांगत बसू नकोस. तू भात कमी केलास एवढं ऐकूनच तो टोपभर खाणाऱ्याला आपल्यावर ठपका आल्यासारखं वाटतं. ‘तुम्हीच जरा कमी करा की’ हे कितीही ओठांवर आलं तरी गिळून टाक. तुला जे झोंबलं तेच तू दुसऱ्याला देशील. आणि ‘हो ना, फारच वाळले’ असं मान डोलावून मोकळी होऊ नकोस. सुटका झाल्यासारखी वाटते, पण पुढच्या वेळी ते तुझ्याच तोंडचं म्हणून परत येतं.

तीनदा सांगूनही कुणी चारचौघांत तेच बोलत असेल तर त्यांना बाजूला घे. “काकू, माझ्या शरीरावरून सगळ्यांसमोर बोललं की मला लागतं. काळजी वाटली तर एकटीला विचारा, मी खरं सांगेन.” भर पंगतीत हे बोलायचं नाही. तिथे त्यांना माघार घेता येत नाही आणि बोलणं वाढतं.

पंगतीतला आग्रह ही त्याहून मोठी कसोटी. ताट रिकामं दिसलं की भरलं जातं, म्हणून एखादी भाजी शेवटपर्यंत थोडी ठेव. पहिली पुरणपोळी तुपासकट आनंदाने घे, कटाची आमटी, आंबील, सगळं घे. दुसरी अर्धीच, आणि तीही वाढण्याआधी आपणहून माग. मागणाऱ्याला सहसा आग्रह होत नाही. पहिल्या पंगतीला वाढायला उभी राहा आणि शेवटच्या पंगतीला बस, तोवर आग्रह करणारे दमलेले असतात. दुसऱ्या दिवशी काट्यावर दीड किलो जास्त दिसेल. ते मीठ आणि पाणी आहे, तीन-चार दिवसांत उतरतं. त्यासाठी उपास करू नकोस. वजन उतरल्यावर भूक वाढवणारी संप्रेरकं वर्षभरानंतरही चढलेली असतात. उपास केलास की ती संध्याकाळी वसूल करतात.

लोकांची तोंडं बंद करायची म्हणून खाऊन पाच किलो परत चढवणारेही पुष्कळ असतात. ते पाच किलो पोटावर बसतात, दंडावर नाही. हात खरोखरच बारीक झाले असतील तर त्याला औषध स्नायूंचं आहे. उतरलेल्या वजनात साधारण चौथा हिस्सा स्नायूंसारख्या भागाचा असू शकतो, आणि व्यायाम व प्रथिनं नसतील तर त्याहूनही जास्त. तुला दिवसाला ६० ते ७० ग्रॅम प्रथिनं लागतील. दोन अंडी १२ ग्रॅम, मूठभर डाळीचं घट्ट वरण ७, तेवढ्याच मटकीची उसळ ७, मूठभर शेंगदाणे ७, वाटीभर दही ५, पेलाभर दूध ६, दोन भाकऱ्यांत ६, आणि रात्री ७५ ग्रॅम पनीर १३. बेरीज ६३ होते. आठवड्यातून दोन-तीन दिवस वजन उचलायचं: उठाबशा, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याची पाच लिटरची कॅन कमरेपर्यंत ओढणं, प्रत्येकी आठ ते बारा वेळा, तीन फेऱ्या. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. सहज होत असतील तर वजन वाढव. आणि वजन थांबवायचं तर रोजचं जेवण एकदम वाढवायचं नाही. या आठवड्यात रोज एक भाकरी जास्त, काटा तरीही उतरला तर पुढच्या आठवड्यात वर शेंगदाणे. ५८ ते ६० मध्ये महिनाभर स्थिरावलीस की मोजणंही कमी कर.

राहता राहिली आई. तुला जे एकदा ऐकावं लागतं ते तिला दहादा ऐकावं लागतं, आणि तिच्या वाट्याला ‘पोरीला खायला घालत नाहीस का?’ असं येतं. तिने फोनवर तुझ्याशी चिडून बोलण्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. गावी जाण्याआधी एक निवांत संध्याकाळ तिच्यासोबत बस. रिपोर्ट तिच्या हातात दे. वजन कसं, किती दिवसांत कमी केलं, कुठे थांबलीस, सगळं सांग. आकडा लपवायचा तो इतरांपासून, तिच्यापासून नाही. आणि तिला कुणी विचारलं तर म्हणायला एक वाक्य दे: “तिने डॉक्टरांना विचारून केलंय, सगळे रिपोर्ट चांगले आहेत.” ते तिच्याकडून एकदा म्हणवून घे.

गावी जाताना रिपोर्टची झेरॉक्स पिशवीत टाक. आजीला बाकी काही वाचून दाखवू नकोस, फक्त हिमोग्लोबिनची ओळ मोठ्याने वाच आणि सांग, “आजी, अंगात रक्त भरपूर आहे.” मग तिला तुझ्या पापणीचा आतला लाल भाग बघू दे. ती तसंही बघणारच आहे.

कळावे.