पंपांचे एवढे प्रकार का असतात? एकच पंप सगळीकडे का चालत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घणसोलीतल्या तुमच्या सात मजली इमारतीत मोटर नुसतीच फिरते, गच्चीवरच्या टाकीत पाणी चढत नाही. प्लंबर म्हणतो मोठा पंप घ्या, दुकानदार विचारतो कुठल्या प्रकारचा देऊ, आणि मुळात इतके प्रकार हवेतच कशाला हे तुम्हाला कळत नाही.

मी रबाळे-महापे पट्ट्यातल्या केमिकल कंपन्यांमध्ये २२ वर्षं मेन्टेनन्सला आहे. पंप उघडणं हाच दिवसभराचा धंदा.

आधी ‘पंप पाणी ओढतो’ हे डोक्यातून काढा. पाणी म्हणजे काही दोरखंड नाही ओढायला. पंप फक्त आपल्या तोंडाशी दाब कमी करतो. पंपापर्यंत वर ढकलायचं काम खालच्या टाकीतल्या पाण्यावर बसलेली हवा करते. समुद्रसपाटीला हवेचा हा जोर साधारण १०.३ मीटर उंच पाण्याला पेलेल एवढाच. त्यामुळे विहीर १२ मीटर खोल असेल आणि पंप काठावर ठेवला असेल, तर तो कितीही महागाचा असो, नुसत्या सक्शनवर, म्हणजे तोंडाशी दाब कमी करून, पाणी येणार नाही. पाइपातलं घर्षण वगैरे धरून ६-७ मीटरवरच गाडी अडते. बोअरमध्ये पंपच खाली सोडतात तो यासाठी. खालून वर ढकलायला हवेची मर्यादा आड येत नाही.

आता प्रकार. कॅटलॉगमध्ये पन्नास नावं दिसतील, पण जाती दोनच: फेकणारे आणि मापून ढकलणारे.

तुमच्या सोसायटीतला फेकणारा, म्हणजे सेंट्रीफ्यूगल. पावसात भिजलेली छत्री दारात गरगर फिरवली की थेंब काठावरून उडतात ना, तेच. पाणी इम्पेलरच्या, म्हणजे आत फिरणाऱ्या पात्यांच्या चाकाच्या, मधोमध शिरतं, पाती त्याला कडेला भिरकावतात. बाहेरच्या केसिंगची (पंपाच्या कवचाची) वाट पुढे पुढे रुंद होत जाते, तिथे पाण्याचा वेग कमी होतो आणि त्याचाच दाब बनतो. म्हणून या पंपात सगळी करामत वेगाची. फेरे निम्मे केले तर पाणी निम्मं येतं, पण चढण्याची उंची पाव होते. आणि केसिंगमध्ये हवा शिरली की खेळ खल्लास, कारण हवा पाण्यापेक्षा साधारण आठशे पट हलकी. तीही भिरकावली जाते, पण त्यातून दाब तयारच होत नाही. प्रायमिंगची, म्हणजे सुरू करण्याआधी पंप पाण्याने भरून घ्यायची, कटकट आहे ती याच्यामुळे.

मापून ढकलणारे आपल्याकडे जुनेच. रहाटगाडगं घ्या, प्रत्येक गाडग्यात ठरलेलं पाणी. होळीची पिचकारी घ्या. आपलं हृदयही याच जातीचं: कप्पा भरतो, आवळतो, झडपा उलटं जाऊ देत नाहीत. या पंपांना पुढे किती दाब आहे याची जवळजवळ फिकीर नसते. एका फेऱ्याला जेवढं घेतलं तेवढं पुढे देणारच.

याचा अर्थ मला नोकरीच्या दुसऱ्या वर्षी अंगावर घेऊन कळला. सेंट्रीफ्यूगल पंप सुरू करताना डिलिव्हरीचा, म्हणजे पाणी बाहेर जातं त्या बाजूचा, व्हॉल्व्ह बंद ठेवायचा, म्हणजे मोटरवर लोड कमी येतो, मग हळूहळू उघडायचा, ही सवय हाताला लागलेली. बॉयलरच्या फर्नेस ऑइलचा गिअर पंप मापून ढकलणाऱ्यांतला, दातेरी चाकांचा. तोही मी तसाच सुरू केला. फेकणारा पंप बंद दाराशी पाणी आतल्या आत घुसळत बसतो, तापतो, पण लगेच काही फुटत नाही. गिअर पंपाचे दात मात्र तेल पुढे देतच राहिले. जास्तीचा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह गंजून जाम झालेला. मिनिटभरात पाइपाच्या जोडातलं (फ्लँजचं) गॅस्केट उडालं आणि मी डोक्यापासून बुटापर्यंत काळा. चार दिवस लोकलमध्ये शेजारची सीट रिकामी मिळाली.

तर प्रकार इतके यासाठी की काम वेगळं, पाणीही वेगळं. घट्ट तेलात इम्पेलर दमतो, तिथे गिअर किंवा स्क्रू. ॲसिड शाफ्टच्या (फिरत्या दांड्याच्या) सीलमधून गळलेलं परवडत नाही, तिथे डायफ्रॅम, म्हणजे लवचीक पडदा पुढेमागे हलवून ढकलणारा. त्यात फिरणारा शाफ्ट द्रवापर्यंत पोचतच नाही. डायलिसिसच्या मशीनमध्ये रोलर नळी दाबत पुढे सरकतो, पंपात रक्ताला नळीखेरीज काही शिवत नाही. आणि आपल्या नवी मुंबईत भरतीच्या वेळी पावसाचं पाणी धारण तलावात अडवून ठेवावं लागतं. तसलं पाणी उपसायचं तर उंची जेमतेम, पाणी मात्र अफाट. असल्या कामाला जहाजाच्या पंख्यासारख्या पात्यांचा पंप शोभतो.

आता तुमचा पंप. सात मजले आणि गच्चीवरची टाकी मिळून २८ मीटर धरा, खालच्या टाकीची खोली आणि पाइपातलं घर्षण यांचे अजून ७. ताशी १०,००० लिटर ३५ मीटर चढवायला पाण्याला लागतात साधारण ९५० वॅट. पंपाची कार्यक्षमता ५० टक्केच धरली तरी ३ एचपीत भागतं. तुमच्याकडे ३ चीच मोटर आहे आणि गेल्या महिन्यापर्यंत पाणी चढत होतं, म्हणजे पंप लहान नाही. उलट त्याच बारीक सक्शन पाइपावर ५ एचपी बसवलात तर तोंडाशी दाब इतका पडेल की पाणी थंडपणीच उकळेल. त्याचे बुडबुडे इम्पेलरवर फुटतात, आत खडी फिरतेय असा आवाज येतो आणि वर्षभरात पाती वाळवी लागल्यासारखी होतात. असे इम्पेलर मी पोत्याने भंगारात दिलेत.

मोटर बंद करून केसिंगच्या डोक्यावरचा प्रायमिंगचा नट काढा आणि काठोकाठ पाणी ओता. दहा मिनिटं थांबा. पाणी खाली उतरत गेलं, तर टाकीतला फूट व्हॉल्व्ह, म्हणजे सक्शन पाइपाच्या तळाची एकेरी झडप, गळतोय; वॉचमनकाकांना सांगून वर काढा, बहुतेक झडपेत खडा नाहीतर प्लास्टिकची पिशवी सापडेल. पाणी जागचं हललं नाही, तर सक्शनचे जॉइंट आणि ग्लँड (शाफ्ट केसिंगबाहेर येतो तिथलं पॅकिंग) बघा, हवा तिथून शिरत असेल. तेही ठीक असलं तर पंप उघडायला लावा, पण नवीन घेण्याआधी.