दुकानात कार्ड मशीन नवीन आलंय? मग हे सांभाळा

स्लिप पूर्ण बाहेर येऊन तिच्यावर ‘अप्रूव्हड’ वाचल्याशिवाय माल सोडायचा नाही. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरचा मेसेज पुरावा नव्हे. कार्डामागची काळी पट्टी घासून व्यवहार केलात तर स्लिपवरचे कार्ड नंबराचे शेवटचे चार आकडे कार्डाशी ताडून बघा. जुळले नाहीत तर पट्टीवर दुसऱ्याच कोणाचा डेटा भरलेला असू शकतो. फोन टेकवून पैसे दिले तर आकडे वेगळे येतात, तिथे उगाच हुज्जत नको.

कार्ड नुसतं टेकवलं तर ₹5,000 पर्यंत पिन लागत नाही. चोरीच्या कार्डाला हीच फट पुरते. ‘बारा हजारांचं बिल तोडून चार-चार हजारांची तीन करा’ म्हणणाऱ्याला चिप आत घालून पिन टाकायला लावा.

खरा फटका फोनवरच्या ऑर्डरीत बसतो. घासाघीस नाही, माल भरपूर, एक कार्ड नाकारलं की लगेच दुसरं, आणि वर ‘टेम्पोवाल्याचे आठ हजार कार्डातूनच जादा कापा, त्याला रोख द्या’. अशी ऑर्डर सरळ नाकारा. कार्डाचा खरा मालक तक्रार करतो तेव्हा माल गेलेला असतो, रोखही गेलेली असते, आणि बँक ती रक्कम तुमच्याच खात्यातून वळती करते. परदेशी कार्डाला ऑनलाइन ओटीपी लागेलच असं नाही, तिथे जास्त जपून.

परतावा त्याच कार्डावर. रोख किंवा यूपीआयने कधीच नाही. सही केलेली स्लिप आणि डिलिव्हरीची पोच जपून ठेवा, वादात बँक तेच मागते. ‘मशीन अपडेट करायचंय’ म्हणत कोणी आला तर आधी बँकेला फोन, मग मशीनला हात.